विजेपासून अमोनिया : दोन हिशेबांचा इतिहास

प्रास्ताविक

हवेत नायट्रोजन आहे, नळाला पाणी आहे आणि तारेतून वीज येते. मग या तिघांपासून थेट अमोनिया का करत नाहीत? औद्योगिक रसायनशास्त्राच्या तासाला दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी हा प्रश्न विचारतोच. प्रश्न भाबडा नाही. जगात दरवर्षी सुमारे १८ कोटी टन अमोनिया तयार होतो. त्याचा मोठा भाग खतांसाठी जातो. त्यासाठी लागणारा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून येतो. वायूवर चालणाऱ्या कारखान्यातही एक टन अमोनियामागे सुमारे पावणेदोन ते दोन टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. हाच अमोनिया जलविद्युत, वारा किंवा सूर्यप्रकाश यांच्या विजेवर झाला, तर खताचा आणि कोळशाचा संबंध तुटेल.

आजकाल या विषयावरचे लेखन वाचले तर ही कल्पना गेल्या दहा-पंधरा वर्षांतली आहे असे वाटते. ती तशी नाही. विजेच्या साहाय्याने नायट्रोजन बांधण्याचे प्रयत्न दोनशे वर्षांहून जुने आहेत. त्यांतले काही मोठ्या कारखान्यांपर्यंत पोचले आणि पुढे बंद पडले. काही प्रयोगशाळेतच यशस्वी वाटले आणि नंतर खोटे ठरले.

हा इतिहास वाचताना दोन हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. पहिला ऊर्जेचा: एक किलो अमोनियाला किती वीज लागली? दुसरा अणूंचा: अमोनियात सापडलेला नायट्रोजनचा अणू खरोखर हवेतल्या नायट्रोजन वायूतून आला, की आणखी कोठून? कारखाने पहिल्या हिशेबात हरले, प्रयोगशाळा बहुधा दुसऱ्यात. दोन्ही वह्या एकाच वेळी जुळणे, हेच या क्षेत्राचे आजही न सुटलेले कोडे आहे.

१. डेव्हीचे सोन्याचे शंकू

सन १८०० मध्ये व्होल्टाने विद्युतघटांची चळत तयार केली आणि लगेचच पाण्यातून वीज सोडण्याचे प्रयोग सुरू झाले. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात हे दिसले. पण त्याबरोबर एक विचित्र गोष्टही दिसे. एका टोकाजवळचे पाणी आम्लधर्मी आणि दुसऱ्या टोकाजवळचे अल्कधर्मी होई. शुद्ध पाण्यात आम्ल आणि अल्क कोठून आले? वीजच ते निर्माण करते, असे म्हणणारेही होते.

हंफ्री डेव्हीने हा प्रश्न हाती घेतला आणि नोव्हेंबर १८०६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात आपले निष्कर्ष मांडले. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. काचेच्या भांड्यातून अल्क विरघळते अशी शंका आल्यावर त्याने अकीक दगडाचे पेले घेतले. तेवढ्याने भागेना, तेव्हा सोन्याचे शंकू वापरले. पाणी पुन्हा सावकाश ऊर्ध्वपातित केले. एकेक अशुद्धी दूर होत गेली तसतसे अल्क कमी होत गेले. तरी थोडे आम्ल आणि थोडा बाष्पशील अल्क, म्हणजे अमोनिया, उरतच होता. शेवटी त्याने सगळी मांडणी हवा काढून हायड्रोजन भरलेल्या पात्रात ठेवली आणि दोन्ही जवळजवळ नाहीसे झाले. उरलेल्या आम्लाचे आणि अमोनियाचे मूळ पाण्यात विरघळलेल्या हवेतल्या नायट्रोजनमध्ये आहे, हा त्याचा निष्कर्ष होता.

विजेने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया झाल्याची पहिली नोंद म्हणून हा प्रयोग सांगितला जातो. डेव्हीला मात्र अमोनिया बनवायचाच नव्हता. तो अशुद्धीचा माग काढत होता. नायट्रोजन काढून घेतला तर काय होते, हे पाहिल्यावरच त्याने निष्कर्ष काढला. आजच्या भाषेत त्याने ब्लँक घेतला. हा मुद्दा लक्षात ठेवा. दोनशे वर्षांनी तो पुन्हा येणार आहे.

२. ठिणगीचा मार्ग

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शेतीला नायट्रोजन मिळे तो मुख्यतः चिलीच्या वाळवंटातल्या सोडियम नायट्रेटपासून. १८९८ मध्ये ब्रिस्टल येथे भाषण करताना विल्यम क्रुक्स यांनी इशारा दिला की हे साठे संपतील, गव्हाची टंचाई होईल, आणि यातून रसायनज्ञच वाट काढू शकतील. हवेतला नायट्रोजन बांधणे हा आता प्रयोगशाळेतला कुतूहलाचा विषय राहिला नव्हता.

पहिली मोठी उत्तरे विजेचीच होती. नॉर्वेत क्रिस्तियान बिर्केलांड आणि साम आयदे यांनी १९०३ पासून विद्युत-चापाची भट्टी विकसित केली. चुंबकीय क्षेत्राने चाप तबकडीसारखा पसरवायचा, सुमारे ३००० अंश सेल्सिअसच्या त्या ज्वालेतून हवा सोडायची आणि ती झटकन थंड करायची. हवेतला एक-दोन टक्के भाग नायट्रिक ऑक्साइड होऊन बाहेर पडे. त्यापासून नायट्रिक आम्ल आणि पुढे कॅल्शियम नायट्रेट करत. १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. नोतोदेन आणि नंतर र्यूकान येथे धबधब्यांच्या विजेवर कारखाने उभे राहिले.

दुसरा मार्ग सायनामाइडचा. जर्मनीत फ्रांक आणि कारो यांनी तो विकसित केला. चुनखडी आणि कोळसा विजेच्या भट्टीत तापवून कॅल्शियम कार्बाइड, त्यावर नायट्रोजन सोडून कॅल्शियम सायनामाइड, आणि त्यावर वाफ सोडली की अमोनिया. म्हणजे विजेवर अवलंबून असलेला अमोनिया हाबर-बॉश पद्धतीच्या आधीच बाजारात आला होता.

आता ऊर्जेची वही उघडू. चापाच्या पद्धतीत एक टन नायट्रिक आम्लाला सुमारे १५ मेगावॅट-तास, म्हणजे १५,००० युनिट वीज लागे. आम्लात नायट्रोजनचे वजन सुमारे २२ टक्के असते. म्हणजे एक टन नायट्रोजन बांधायला सुमारे ६७ मेगावॅट-तास पडले. ज्या देशात धबधब्याची वीज विकायला दुसरे गिऱ्हाईक नाही, तेथेच हे परवडणार.

३. हाबर आणि बॉश: हिशेब बदलला

जुलै १९०९ मध्ये कार्ल्सरूह येथे फ्रिट्झ हाबर यांनी बीएएसएफ कंपनीच्या प्रतिनिधींसमोर सुमारे २०० वातावरण दाबाखाली, ऑस्मियम उत्प्रेरकावर नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून दाखवले. तासाला साधारण ८० ग्रॅम अमोनिया मिळत होता. आल्विन मिटाश यांनी हजारो मिश्रणे तपासून लोखंडाचा स्वस्त उत्प्रेरक शोधला. कार्ल बॉश यांनी उच्च दाबाची पात्रे उभी केली आणि सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. लवकरच पहिल्या महायुद्धात याच रसायनाने स्फोटकेही पुरवली, हेही या इतिहासातून वगळता येत नाही.

येथे विद्यार्थ्यांचा नेहमी एक गैरसमज होतो. हाबर-बॉश पद्धत ऊर्जा खाते ती उच्च दाबामुळे आणि तापमानामुळे, असे ते लिहितात. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा संयोग उष्णतादायी आहे. प्रक्रियेतली उष्णता परत वापरता येते. ऊर्जेचा मोठा वाटा जातो तो हायड्रोजन मिळवण्यात. बॉश यांनी तो कोळसा आणि वाफेपासून मिळवला, पुढच्या पिढ्यांनी नैसर्गिक वायूपासून. म्हणून विजेचा अमोनिया की कोळशाचा अमोनिया, हा वाद खरे तर हायड्रोजनच्या उगमाचा आहे.

हे नॉर्वेजियनांनी चटकन ओळखले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्स्क हायड्रोने चापाच्या भट्ट्या सोडून हाबर-बॉश पद्धत स्वीकारली. कोळसा मात्र आणला नाही. र्यूकानजवळ वेमोर्क येथे जलविद्युत वापरून पाण्याचे विद्युत अपघटन करायचे, त्यातला हायड्रोजन हवेतल्या नायट्रोजनशी जोडायचा, अशी योजना केली. एक टन अमोनियात सुमारे १७८ किलो हायड्रोजन असतो. किलोला ५० युनिट धरले तर जवळपास ९ मेगावॅट-तास. हवेतून नायट्रोजन वेगळा करणे आणि वायू दाबणे यांसाठी आणखी एक धरू. म्हणजे टनाला सुमारे १० मेगावॅट-तास. नायट्रोजनच्या टनाला सुमारे १२. चापाच्या ६७ शी ताडून पाहा. वीज तीच, धबधबा तोच, पण काम पाचपटीहून अधिक.

आज ज्याला हरित अमोनिया म्हणतात, त्याची मांडणी तत्त्वतः हीच आहे. नॉर्वेत ती काही दशके चालली. इजिप्तमध्ये आस्वान आणि पेरूमध्ये कुस्कोजवळही जलविद्युतवर असे कारखाने उभे राहिले. आणि भारतातही.

४. नांगल

सतलजवरील भाक्रा-नांगल प्रकल्पातून वीज मिळू लागली, तेव्हा ती घेणारे उद्योग पंजाबात पुरेसे नव्हते. जवळपास कोळसा नव्हता, वायूही नव्हता. खताची गरज मात्र देशभर होती. सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ मध्ये कोळशाच्या प्रदेशात उभा राहिला होता. नांगल येथे वेगळी वाट धरली गेली: पाण्याच्या विद्युत अपघटनातून हायड्रोजन, हवेतून नायट्रोजन, त्यांचा अमोनिया आणि अमोनियापासून कॅल्शियम अमोनियम नायट्रेट. हा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला. विद्युत अपघटनात उरलेल्या पाण्यात ड्यूटेरियमचे प्रमाण वाढत जाते. त्याचा फायदा घेऊन १९६२ मध्ये तेथेच देशातला जड पाण्याचा पहिला कारखाना चालू झाला.

एक गणित करून पाहू. वर्षाला १ लाख टन अमोनिया विद्युत अपघटनाने करायचा, तर टनाला १० मेगावॅट-तास या दराने वर्षाला १०० कोटी युनिट वीज लागेल. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे रात्रंदिवस, एकही दिवस खंड न पडता, सुमारे ११४ मेगावॅट. एवढ्या विजेवर त्या काळी कितीतरी गावे आणि लहान उद्योग चालले असते.

आणि नेमके तेच घडले. साठच्या दशकात हरितक्रांती आली. नव्या गव्हाला अधिक खत हवे होते, तसेच अधिक पाणीही. पाण्यासाठी नळकूप आले, नळकूपांना वीज लागली. त्यात उद्योग वाढले, शहरे वाढली. खताच्या कारखान्याच्या वाट्याची वीज आक्रसत गेली. ज्या शेतीसाठी हा अमोनिया बनत होता, त्याच शेतीला त्याची वीज हवी होती. पुढे १९७४ मध्ये नॅशनल फर्टिलायझर्स ही कंपनी स्थापन झाली. नांगलचा विस्तार १९७८ मध्ये इंधन तेलावर आधारित झाला आणि विद्युत अपघटनाचा विभाग मागे पडला. अलीकडे तो कारखाना नैसर्गिक वायूवर आला. याच काळात मुंबई हायचा वायू किनाऱ्यावर पोचला होता आणि रायगड जिल्ह्यात थळ येथे, तसेच हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीच्या कडेने, वायूवर चालणारे मोठे खत कारखाने उभे राहिले.

नांगलला अपयश म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. तेथे रसायन चुकले नव्हते, यंत्रे चुकली नव्हती. अणूंचा हिशेबही चोख होता. बदलली ती विजेची किंमत, म्हणजे तीच वीज दुसरीकडे वापरली तर काय मिळेल याचे उत्तर. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचे उद्दिष्ट त्यात आहे आणि खत उद्योग हा त्याचा एक मोठा ग्राहक मानलेला आहे. त्या चर्चेत भाग घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नांगलची गोष्ट आधी वाचावी.

५. किमान किती वीज लागते?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. हायड्रोजनचा मधला टप्पा गाळून, एकाच विद्युतघटात नायट्रोजन आणि पाणी यांपासून थेट अमोनिया केला तर?

सामान्य तापमानाला एक मोल अमोनिया आणि त्याबरोबर पाऊण मोल ऑक्सिजन मिळवायला मुक्त ऊर्जेचा बदल सुमारे ३३९ किलोज्यूल आहे. अमोनियाच्या एका रेणूला तीन इलेक्ट्रॉन लागतात. त्यावरून घटाचे किमान विभव १.१७ व्होल्ट येते. एक किलो अमोनियासाठी विद्युतभार सुमारे ४,७२० अँपिअर-तास. गुणाकार केला की किलोला ५.५ युनिट. निसर्गाचा नियम यापेक्षा कमी घेऊ देत नाही.

आता त्याच अमोनियासाठी लागणारा दीड मोल हायड्रोजन पाण्यापासून काढायचा असेल तर किमान किती? दीड गुणिले २३७, म्हणजे सुमारे ३५६ किलोज्यूल. ३३९ आणि ३५६. फरक जेमतेम ५ टक्के! म्हणजे थेट मार्गाची कागदावरची बचत फार मोठी नाही. प्रत्यक्षातल्या १० युनिटांपैकी बहुतेक जादा खर्च विद्युत अपघटनाच्या घटातला आहे आणि तो घट सुधारूनही कमी करता येतो.

मग थेट मार्गाचे आकर्षण कशात आहे? ते आकारमानात आहे. हाबर-बॉश कारखाना दिवसाला हजार-दोन हजार टनांचा असला तरच परवडतो आणि त्याला अखंड चालणे मानवते. सूर्याची वीज दुपारी येते, संध्याकाळी जाते. सामान्य दाबाचा, बटण दाबून चालू-बंद करता येणारा लहान घट असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी किंवा एखाद्या दुर्गम बेटावरही खत बनवता येईल. हा लाभ खरा आहे. पण तो सिद्ध करायला घट मुळात चालला पाहिजे.

तो चालत नाही याची कारणे रसायनाचीच आहेत. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला मोलला सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. शिवाय नायट्रोजन पाण्यात फारच कमी विरघळतो. एक लिटर पाण्यात २५ अंशाला सुमारे १८ मिलिग्रॅम. ऋणाग्राभोवती पाणी मात्र अमाप असते. इलेक्ट्रॉन आला की पाण्यातले प्रोटॉन तो आधी उचलतात आणि हायड्रोजन वायू होऊन निघून जातात. नायट्रोजनच्या वाट्याला उरते ते अगदी थोडे.

६. थेट मार्गावरचे प्रयत्न

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे फ्रिट्झ फिश्टर आणि सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकापासून दाबाखालच्या नायट्रोजनवर विद्युत अपघटनाचे प्रयोग केले. १९३० च्या त्यांच्या लेखात लिथियमच्या क्षाराचा वापर आढळतो. लिथियम धातू सामान्य तापमानालाही नायट्रोजनशी संयोग पावतो, ही त्यामागची किल्ली. १९९३-९४ मध्ये जपानमधील अकिरा त्सुनेतो, अकिहिको कुडो आणि तादायोशी साकाता यांनी ती किल्ली नीट फिरवली. पाण्याऐवजी टेट्राहायड्रोफ्युरान हा कार्बनी द्रावक, त्यात लिथियमचा क्षार आणि प्रोटॉन पुरवायला थोडे इथेनॉल. ऋणाग्रावर लिथियम बसतो, तो नायट्रोजनशी संयोग पावतो आणि इथेनॉलच्या प्रोटॉनांनी अमोनिया सुटतो.

१९९८ मध्ये ग्रीसमधील मार्नेलोस आणि स्तूकिदेस यांनी वेगळी दिशा दाखवली. प्रोटॉन वाहून नेणारे घन सिरॅमिक, ५७० अंश सेल्सिअस आणि वातावरणाइतकाच दाब. पुरवलेल्या हायड्रोजनपैकी ७८ टक्क्यांचा अमोनिया झाल्याचे त्यांनी नोंदवले. पण येथेही सुरुवात हायड्रोजनपासूनच होती.

२०१० नंतर या विषयात लेखांचा पूर आला. नवनवे उत्प्रेरक, नवनवे दावे. २०१४ मध्ये सायन्स या नियतकालिकात हवा आणि वाफेपासून, वितळलेल्या हायड्रॉक्साइडमध्ये लोह ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांवर अमोनिया केल्याचा लेख आला आणि बराच गाजला. तो २०२० मध्ये मागे घेतला गेला. प्रश्न होता तो अणूंच्या वहीचा.

७. निळा रंग कशाचा?

या वहीत चूक किती सहज होते, ते आमच्याच प्रयोगशाळेतल्या उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांनी हाच विषय प्रकल्पाला घेतला. लोखंडी जाळीचे ऋणाग्र, सौम्य विद्युत अपघट्य, नायट्रोजनचा सिलिंडर. अमोनिया ओळखायला इंडोफिनॉल निळा चाचणी. पहिल्याच आठवड्यात द्रावण निळे झाले. मुले आनंदात होती, मीही होतो.

मग आम्ही वेल्डिंगच्या कार्यशाळेतून आर्गॉनचा सिलिंडर आणला आणि नायट्रोजनऐवजी आर्गॉन सोडून सगळे पुन्हा केले. द्रावण तेवढेच निळे झाले. त्याच प्रयोगशाळेत दुपारी प्रथम वर्षाचे क्षार-विश्लेषणाचे प्रात्यक्षिक चाले आणि अमोनियम हायड्रॉक्साइडच्या बाटल्या टेबलावर उघड्या असत. आमचा अमोनिया आमच्याच हवेतून येत होता.

त्यांच्यापैकी एकाने विचारले, "सर, म्हणजे प्रकल्प फसला का?" आर्गॉनचा रकाना अहवालातून गाळला असता तर प्रकल्प उत्तम दिसला असता, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही. तो रकाना त्यांनी ठेवला. निष्कर्षात त्यांनी लिहिले की नायट्रोजनपासून अमोनिया झाल्याचा पुरावा नाही. माझ्या दृष्टीने ते त्या वर्षीचे सर्वांत भक्कम वाक्य होते.

आकडे पाहिले की धोका समजतो. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर सोडला आणि त्यातला एक टक्का विद्युतभार अमोनियाकडे गेला, तर मिळतो सुमारे २ मायक्रोग्रॅम अमोनिया. एवढा अमोनिया हवेतून, श्वासातून, हातमोज्यांतून, घटातल्या पटलातून, उत्प्रेरकावर उरलेल्या नायट्रेटमधून सहज येऊ शकतो. नायट्रेट आणि नायट्रिक ऑक्साइड तर नायट्रोजन वायूपेक्षा खूपच सहज अमोनियात बदलतात. जगातल्या नामांकित प्रयोगशाळाही याच खड्ड्यात पडल्या.

२०१९ मध्ये डेन्मार्क तंत्र विद्यापीठातील इब शोर्केनडोर्फ यांच्या गटाने, अमेरिका आणि ब्रिटनमधील सहकाऱ्यांसह, नेचर या नियतकालिकात तपासणीची कडक पद्धत मांडली. आर्गॉनने ब्लँक घ्या. वीज न सोडता नायट्रोजनने ब्लँक घ्या. शेवटी नायट्रोजन-१५ हा जड समस्थानिक वापरा आणि अमोनियातही तोच, तेवढ्याच प्रमाणात सापडतो का ते मोजा. समस्थानिकाचा वायूसुद्धा आधी शुद्ध करा, कारण त्या बाटलीतही अमोनिया आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असू शकतात. त्यांनी पाण्यातल्या घटात तपासलेल्या धातूंपैकी एकही या कसोटीला उतरला नाही. त्सुनेतो यांची लिथियमची पद्धत मात्र उतरली.

डेव्हीने नायट्रोजन काढून हायड्रोजन भरला होता. आता नायट्रोजन काढून आर्गॉन भरायचा. एवढे साधे तत्त्व २१३ वर्षांनी पुन्हा नियम म्हणून लिहावे लागले.

८. लिथियमची किंमत

अणूंची वही जुळल्यावर लिथियमच्या पद्धतीने वेग घेतला. २०२१ आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या गटाने प्रोटॉन वाहकात आणि विद्युत अपघट्यात सुधारणा करून फॅराडे कार्यक्षमता आधी सुमारे ६९ टक्के आणि मग जवळजवळ १०० टक्क्यांपर्यंत नेली. फॅराडे कार्यक्षमता म्हणजे सोडलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी किती अमोनियात गेले याचे प्रमाण. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या गटाने धनाग्रावर हायड्रोजन वापरून सतत वाहता घट चालवला आणि सुमारे ६१ टक्के गाठले.

जवळजवळ १०० टक्के! मग प्रश्न सुटला का? येथे पहिली वही पुन्हा उघडावी लागते. फॅराडे कार्यक्षमता इलेक्ट्रॉन मोजते, ते किती व्होल्टला ढकलले हे मोजत नाही. लिथियम धातू मिळवायचा तर हायड्रोजनच्या तुलनेत सुमारे ३.०४ व्होल्ट द्यावे लागतात. ४,७२० अँपिअर-तास गुणिले ३.०४, म्हणजे किलोला सुमारे १४.४ युनिट. ही केवळ विजेची किमान बाजू झाली. धनाग्रावर लागणारा हायड्रोजन वेगळा आणि द्रावकाचा विद्युत रोध वेगळा. वेमोर्क-नांगलची मांडणी एकूण १० युनिटांत भागवते. म्हणजे एकही इलेक्ट्रॉन वाया न गेला तरी ही पद्धत ऊर्जेत मागे राहते.

म्हणून लिथियमची पद्धत निरुपयोगी ठरत नाही. सामान्य तापमानाला नायट्रोजन विजेने खरोखर बांधता येतो, हे तिने संशयापलीकडे सिद्ध केले. पुढचे काम तोच बंध कमी व्होल्टला तोडणारा मध्यस्थ शोधण्याचे आहे.

समारोप

चापाच्या भट्टीत अणूंचा हिशेब खरा होता; ऊर्जेने ती हरली. वेमोर्क आणि नांगल येथे दोन्ही हिशेब जुळले होते, तोवर जोवर विजेला दुसरे गिऱ्हाईक नव्हते. २०१० नंतरच्या बऱ्याच दाव्यांत ऊर्जा आकर्षक दिसली, पण अणूच हवेतले नव्हते. लिथियमने अणू दाखवले. ऊर्जा मागे राहिली. १.१७ व्होल्टच्या जवळ चालणारा आणि नायट्रोजन-१५ च्या कसोटीला उतरणारा घट अजून कोणाच्या टेबलावर नाही.

तुमच्यापैकी कोणी या विषयावर प्रकल्प करणार असेल, तर महागडा उत्प्रेरक नंतर घ्या. आधी वहीत दोन रकाने आखा: एक युनिटांचा, एक आर्गॉनचा.

स्वाध्याय

१. विद्युत अपघटनाच्या घटाला हायड्रोजनच्या किलोमागे ५० ऐवजी ४२ युनिट लागले, तर अमोनियाच्या टनामागे किती वीज वाचेल? ती थेट मार्गाच्या सैद्धांतिक ५ टक्के बचतीशी ताडून पाहा.

२. एका घटाची फॅराडे कार्यक्षमता ९० टक्के आणि विभव ४ व्होल्ट आहे. किलोमागे वीज काढा. केवळ ९० टक्के हा आकडा वाचणाऱ्याची कोणती दिशाभूल होईल?

३. "नांगलचा प्रयोग फसला" या विधानावर, ऊर्जा आणि विजेची पर्यायी किंमत हे दोन मुद्दे घेऊन, तुमचे मत २०० शब्दांत लिहा.

४. डेव्हीने हायड्रोजन भरून घेतलेला ब्लँक आणि आजचा आर्गॉनचा ब्लँक यांत साम्य कोणते? आज हायड्रोजनऐवजी आर्गॉन का घेतात?